हाकेच्या अंतरावर

लाल फोन माझ्या डाव्या हाताशी असायचा.
त्यावर विनिफ्रेडनं निवृत्त होताना विणून दिलेली
लोकरीची टोपी, गोंड्यासकट.
रिसीव्हर उचलायचा तर आधी टोपी काढावी लागे.
चौदा महिने ती कुणी काढली नाही.

लॅब्राडोर. जानेवारी. उणे एकतीस.
खिडकीबाहेर काळे स्प्रूस, बर्फ, पुन्हा काळे स्प्रूस.
भिंतीपलीकडच्या खोलीत लष्कराची माणसं
त्यांच्या आकाशाची राखण करत बसलेली.
आमचं आकाश अलीकडे.
मध्ये नकाशावर एक तुटक रेघ,
जी वर कुठेच नसते.

भिंतीला कान असतात म्हणतात.
आमच्या भिंतीला होते की नाही, ठाऊक नाही;
तोंड नव्हतं एवढं खरं.
पलीकडचा कॉर्पोरल थिबोदो शिंकला तर मला ऐकू यायचं,
त्यानं पाव करपवला तर वास यायचा.
पण त्यांचं क्षेत्र कधी चालू, कधी बंद
हे शिंकेवरून कळत नाही.
त्यासाठी फोन होता.

त्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी त्यानं तो केला.
कुठल्याशा दुरुस्तीत तार भलतीकडे जोडली गेली होती
(ह्या एका वाक्याला चौकशी समितीनं अकरा पानं दिली),
आणि जुन्या टॉवरच्या कुलूपबंद खोलीत
रिकाम्या खुर्चीसमोर
घंटी वाजत राहिली.
थिबोदोला वाटलं, पार्डी कामात असेल,
वाजलं म्हणजे कळलं.
मला वाटलं, पलीकडे शांत आहे,
म्हणजे आज सराव नाही.
भांडण नव्हतं आमचं. उलट भरवसा होता.

दोन एकोणतीसला मी ट्विन ऑटरला जवळची वाट दिली.
आत किनाऱ्यावरच्या वस्तीतून उचललेली
मानी-कातिनेन, वय सत्तर, खुब्याचं हाड मोडलेलं,
सोबत एक नर्स आणि थर्मास.
मी म्हणालो, थेट या.
थेट म्हणजे तुटक रेघेच्या आतून.

दोन ठिपके उगवले तेव्हा
मी चहात साखर घालत होतो.
उगवले, असंच म्हणतो मी अजून.
नदीच्या घळीतून, झाडांचे शेंडे घासत वर आले
आणि ट्विन ऑटरच्या ठिपक्यात शिरले.
तिघांचा एक ठिपका झाला.
मी काहीतरी बोललो. टेपवर आहे ते:
चार सेकंद नुसता श्वास, आणि मग एकच शब्द,
"डावीकडे!"
कुणी वळायचं डावीकडे, ते सांगितलेलं नाही.

मग एकाचे तीन झाले.

नव्वद मीटर, असं नंतर मोजून कळवलं.
मी टोपी भिरकावली, फोन कानाला लावला;
रिकाम्या शिंपल्यातही याहून जास्त आवाज असतो.
तेव्हा मूठ आपटली भिंतीवर.
"थिबोदो!"
"काय रे, हेडली?"
इतकं लख्ख. जणू शेजारी बसून बोलला.

संध्याकाळी इस्पितळात गेलो, का ते माहीत नाही.
मानी-कातिनेनच्या नातीनं मध्ये बसून
तिचं बोलणं मला सांगितलं:
विमानानं एकदम बुडी मारली, नर्सचा चहा
हिच्या घोंगडीवर सांडला,
तिच्या आईनं शिवलेली घोंगडी आहे ती,
धुवायचं कोण बघणार?
मी म्हणालो, मी बघतो.
डाग पुरता गेला नाही.

आता नवा फोन आहे. करडा.
दर तासाला उचलायचा, असा नियम आहे.
"ऐकू येतंय?"
"येतंय."
त्यापुढे बोलायचं काही नसतं.
पलीकडे आता थिबोदो नाही, कुणी नवी पोरगी आहे,
आवाजावरून सर्दी झालेली वाटते.
कधी कधी मी फोन ठेवायला उशीर करतो.
तीही करते.